रात्री नऊला मोबाईल कुठे असतो?



सोयाबीनच्या काढणीच्या दिवसांत एका संध्याकाळी आम्ही मुरुडच्या वस्तीत गेलो होतो. निमित्त साधं होतं. एका लेकराचा दीड वर्षाचा बूस्टर डोस राहिला होता, तो का राहिला हे विचारायचं होतं. दिवेलागण झालेली. चुलीवर भाकरी चाललेली. दारात लेकरू मांडी घालून बसलेलं आणि त्याच्यासमोर पाण्याच्या तांब्याला टेकवून मोबाईल उभा केलेला. त्यात कार्टून चालू. आजी वरण-भाताचा घास पुढे करायची आणि लेकरू नजर न हलवता तोंड उघडायचं. आमच्यातल्या सिस्टरताईंनी सहज मोबाईल पालथा घातला, तर लेकराने आकांत मांडला. आजी म्हणाली, “राहू द्या सिस्टर, त्याच्याबिगर घास उतरत न्हाई त्याच्या गळ्याखाली.” चुलीपुढची माय ओशाळली. मग जरा तोडूनच म्हणाली, “दिवसभर काढणीला होते. आता भाकरी टाकू का ह्याला खेळवीत बसू? तुम्हीच सांगा.”

त्या क्षणाला आमच्याकडे उत्तर नव्हतं. घरी येताना आम्ही त्यावरच बोलत आलो.

मोबाईल आणि मुलं या विषयावर हल्ली पुष्कळ लिहून येतं. त्यातला सूर बहुधा एकच असतो : आईबाप लक्ष देत नाहीत. हे लिहिणाऱ्यांच्या घरात मुलांना वेगळी खोली असते, खाली खेळायला मोकळी जागा असते, संध्याकाळी शिकवणी असते. आपल्या वस्तीत दहा बाय बाराची पत्र्याची खोली आणि तीत पाच माणसं. बाहेर गटार आणि वाहनांची वाट. माय-बाप दोघंही रोजंदारीवर. पावसाळा सरला की कित्येक घरांतली जोडपी कोयता घेऊन साखर कारखान्यांकडे जातात आणि लेकरं आजीजवळ राहतात. अशा घरात मोबाईल हा लेकराचा सांभाळ करणारा झाला आहे, आणि कारखान्यावर गेलेल्या मायचं तोंड रोज बघायची खिडकीही तोच आहे. ती खिडकी बंद करा असं आम्ही म्हणणार नाही. मायला दोष देऊन तर हा प्रश्न मुळीच सुटणार नाही.

शिवाय हा मोबाईल घरात आणला कोणी, हेही आठवावं. मार्च २०२० मध्ये कोरोनाने शाळा बंद झाल्या आणि अभ्यास व्हॉट्सअ‍ॅपवर येऊ लागला. ज्यांच्याकडे बटणांचा फोन होता त्यांनी हप्त्याने, उसनवारीने, कोणी शेळी विकून स्मार्टफोन घेतला. घ्या म्हणणाऱ्यांत आम्हीही होतो. लेकराचं शिक्षण थांबू नये म्हणून कर्ज काढणं ही आपल्या समाजाला नवी गोष्ट नाही. रामजी सुभेदार भीमरावांच्या पुस्तकांसाठी लग्न झालेल्या लेकींकडे जात, पैसे नसले तर त्यांचा दागिना आणून गहाण टाकत आणि पेन्शन हातात आली की सोडवून परत देत. वस्तीतल्या बापाने काढलेला मोबाईलचा हप्ता याच जातीचा आहे. फरक एवढाच की पुस्तक उघडल्यावर त्यात पुस्तकच असतं. मोबाईल उघडल्यावर काय निघेल याचा नेम नाही.

आज वस्तीतल्या मोबाईलला आणखी एक काम लागलं आहे, त्याबद्दल फार कोणी बोलत नाही. तो घरचा कारकून झाला आहे. रेशनची ई-केवायसी, लाडकी बहीणची ई-केवायसी, महाडीबीटीवरचा शिष्यवृत्तीचा अर्ज, आभा कार्ड, बँकेचा ओटीपी, हे सगळं त्यातूनच चालतं. आणि तो कारकून चालवतं कोण? घरातलं आठवी-नववीचं पोर. मायबापाला लिहिता-वाचता जेमतेम येतं, म्हणून पोरगीच आजीचा अंगठा कुठे लावायचा हे सांगते, पोरगाच बापाच्या खात्यावर किती पैसे आले ते वाचून दाखवतो. हे चांगलं आहे. पण त्यामुळे घरातलं वजन बदलतं. ज्या लेकराला बाप रोज “बघ रे काय मेसेज आला” म्हणतो, त्याच लेकराला रात्री “ठेव तो फोन” म्हणायला बाप कचरतो. मोबाईलमधलं आपल्याला कळत नाही, या संकोचाने कितीतरी पालक मधे पडतच नाहीत. पालकांनो, मोबाईल चालवता येणं वेगळं आणि लेकराला किती वाजता झोपवायचं हे ठरवणं वेगळं. दुसऱ्या गोष्टीला इंग्रजी लागत नाही.

सांगली जिल्ह्यात कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव म्हणून गाव आहे. तिथे ऑगस्ट २०२२ पासून रोज संध्याकाळी ७ वाजता देवळावरचा भोंगा वाजतो. भोंगा झाला की घरोघरचे टीव्ही आणि मोबाईल बंद. साडेआठला पुन्हा भोंगा होईपर्यंत मुलं अभ्यास करतात, मोठी माणसं वाचतात किंवा एकमेकांशी बोलतात. सुरुवातीला गावातलेच काही हसले. मग ग्रामपंचायतीची माणसं, अंगणवाडी सेविका, आशाताई, निवृत्त शिक्षक घरोघर फिरले आणि ते अंगवळणी पडलं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसद तालुक्यात बान्सी गावाच्या ग्रामसभेने वेगळा ठराव केला : १८ वर्षांखालच्या मुलांना मोबाईल वापरायला बंदी.

दोन्ही गावांची तळमळ खरी आहे. पण आमचं मत विचाराल तर वडगावची रीत आपल्याला अधिक पटते. तिथे मोबाईल मोठ्यांचाही बंद होतो. ज्या घरात बाप खाटेवर पडून रील बघतो आणि पोराला पाठ करायला बसवतो, त्या घरात पोराला एकच धडा पाठ होतो, की मोठं झालं म्हणजे रील बघता येतं. शिवाय नुसत्या बंदीचा मार आधी कोणावर पडतो ते वस्तीत राहणाऱ्याला सांगायला नको. पोरीवर. ‘असर’च्या २०२४ च्या पाहणीत देशभरातल्या खेड्यांतल्या १४ ते १६ वयाच्या मुलांना विचारलं होतं. ज्यांना स्मार्टफोन वापरता येतो त्यांच्यात स्वतःचा फोन असलेले मुलगे शंभरात ३६ निघाले आणि मुली २७. म्हणजे आधीच पोरीच्या हाती फोन कमी येतो. त्यात बंदी आली की पोरगा चौकात जाऊन मित्राच्या फोनवर बघणार आणि पोरीचा नीटचा सराव, शिष्यवृत्तीचा अर्ज, मैत्रिणीशी बोलणं सगळंच थांबणार. कोणाशी बोलत होतीस म्हणून तिचं शिक्षणच बंद करून सोयरीक बघणारी घरंही आहेत. असल्या बंदीला आमचा विरोध आहे.

याच पाहणीत आणखी एक आकडा आहे. आधीच्या आठवड्यात फोनवर काही अभ्यासाचं केलं का, याला शंभरातल्या ५७ मुलांनी हो म्हटलं. समाजमाध्यमं वापरली का, याला ७६ मुलांनी. आकडा फार भयंकर आहे असं आम्ही मानत नाही. निम्म्याहून जास्त मुलं अभ्यासही करतात, हे विसरू नये. ते बघतात किती वेळ आणि कधी, इथे आरोग्याचा प्रश्न सुरू होतो.

आरोग्याच्या सगळ्या मुद्द्यांत आम्ही झोपेला पहिली जागा देतो. डोळ्यांचं, वजनाचं, चिडचिडीचं पुढे येईलच, पण झोप गेली की ती सगळी एकेक करून येतातच. ६ ते १२ वर्षांच्या मुलाला रोज ९ ते १२ तास झोप लागते, १३ ते १८ वर्षांच्या मुलाला ८ ते १०. आता हिशोब करा. सकाळी सहाला उठणारं दहा वर्षांचं लेकरू रात्री नऊच्या आत झोपलं तरच त्याची किमान झोप पुरी होते. वस्तीत नऊला काय चाललेलं असतं? एकाच खोलीत एकाचा टीव्ही, दुसऱ्याचं रील, तिसऱ्याचा गेम. रात्री डोळ्यांपुढे उजेड असला की झोप आणणारं मेलाटोनिन नावाचं द्रव्य मेंदूत उशिरा आणि कमी तयार होतं. त्यात रीलची रचनाच अशी की एक संपलं की दुसरं आपोआप सुरू. साडेअकराला झोपलेलं पोर सहाला उठतं, वर्गात पेंगतं, गणित डोक्यात शिरत नाही. मग मास्तर म्हणतात, ह्याचं लक्ष नाही. आणि आपल्या लेकरांच्या बाबतीत असं म्हणायला काही जणांना फारसं निमित्त लागत नाही. लातूरच्या शिकवण्यांचा खर्च करायच्या आधी ही फुकटची गोष्ट करून बघावी, असं आमचं म्हणणं आहे.

बाबासाहेबांच्या शाळेच्या दिवसांतली एक गोष्ट आपण जयंतीच्या भाषणांत नेहमी ऐकतो. परळच्या डबक चाळीतली एक खोली, आणि रामजी बाबा पहाटे २ वाजता भीमरावांना अभ्यासाला उठवायचे. हे टाळ्या घेणारं वाक्य आहे. पण त्या गोष्टीचा पहिला अर्धा भाग वक्ते बहुधा गाळतात. रामजी त्यांना आधी लवकर झोपवायचे आणि स्वतः दोनपर्यंत जागे राहायचे. खोली इवलीशी, माणसं जास्त, सामान जास्त. तरी त्या बापाने पोराच्या झोपेची वेळ ठरवली आणि घराची घडी तिच्याभोवती बसवली. आजच्या पत्र्याच्या खोलीत हेच करायचं आहे. दोनला कोणी उठवू नका, पण नऊला झोपवा.

कसं? आम्हाला सापडलेली सोपी रीत ही : घरातल्या सगळ्या मोबाईलची रात्रीची एक जागा ठरवायची. दाराजवळचा बोर्ड, भांड्यांची फळी, कुठलीही, पण अंथरुणापासून लांब. नऊ वाजले की बापाचा, मायचा, पोराचा, सगळे फोन तिथे. कारखान्यावरून मायचा फोन येणार असेल तर तो साडेआठला घ्यायचा आणि तिलाही तसं सांगून ठेवायचं. “गजर लावायला मोबाईल उशाशी लागतो” ही सबब फार ऐकू येते. गजराचं घड्याळ बाजारात मिळतं. चार्जिंगला लावलेला फोन उशाखाली ठेवून झोपू नये, हे तर वेगळं सांगायला नको. तापून पेट घेतल्याच्या बातम्या आपण वाचतोच.

डोळ्यांचं थोडक्यात सांगतो. लेकरू टीव्हीच्या जवळ जाऊन बसतं, डोळे बारीक करून बघतं, फळ्यावरचं शेजाऱ्याच्या वहीतून उतरवतं, डोकं दुखतं म्हणतं, तर नंबर असू शकतो. लांबचं न दिसणं मुलांत वाढत चाललं आहे. सतत जवळ बघणं आणि बाहेरच्या उजेडात कमी जाणं ही त्यामागची मोठी कारणं आहेत. रोज दोनेक तास मोकळ्यावर खेळणारी मुलं त्यापासून बरीच वाचतात. शाळेत वर्षातून एकदा आणि अंगणवाडीत वर्षातून दोनदा आरबीएसकेचं डॉक्टरांचं पथक येतं. त्या दिवशी लेकरू घरी ठेवू नका, आणि नंबर निघाला तर चष्म्याची लाज धरू नका. पोरीला चष्मा लागला तर लग्नाचं कसं, असं विचारणारी आजी आम्हाला भेटली आहे. तिला आम्ही बाबासाहेबांचा फोटो दाखवला. चष्मा तिथेही आहे.

पैशाच्या खेळांबद्दल मात्र मऊ बोलून चालणार नाही. रमी, क्रिकेटची टीम लावणं, पत्त्याचे नाना प्रकार. यात वस्तीतले कमावते बाप आणि तरणी पोरं किती बुडाली ते त्या-त्या घरची बाई जाणते. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणणारा कायदा केला. तरीही कोणी लिंक पाठवून खेळायला बोलावत असेल तर तो बेकायदा धंदा आहे आणि त्यात गेलेला पैसा परत यायची आशा धरू नये. खात्यातून फसवून पैसे गेले तर लगेच १९३० ला फोन लावायचा. जितका उशीर, तितके पैसे लांब जातात. आपण दारूवर बोलतो, गुटख्यावर बोलतो. पगाराच्या रात्री खोलीच्या कोपऱ्यात फोन घेऊन बसलेल्या बापाबद्दलही आता बोलावं लागेल. जागतिक आरोग्य संघटनेने गेमचं अनावर व्यसन हा आजारांच्या यादीत घेतला आहे. आजार म्हटल्यावर त्याला इलाज आला आणि लाज गेली पाहिजे.

आता जे लिहितो ते लिहिताना हात जड होतो. जानेवारी २०२५ मध्ये आपल्या शेजारच्या नांदेड जिल्ह्यात एका कर्जबाजारी शेतकऱ्याच्या शाळकरी मुलाने घरी मोबाईल मागितला होता. बापाला तो घेऊन देणं जमलं नाही. मुलाने जीव संपवला आणि ते बघून बापानेही. दोघांच्या मनात काय चाललं होतं हे आपल्याला ठाऊक नाही, आणि एवढं मोठं दुःख एका मोबाईलवर ढकलणं बरोबरही नाही. कर्ज होतं, नापिकी होती, दूर राहून शिकणारं पोर होतं. तरीही ही बातमी वाचून वस्तीतल्या बऱ्याच बापांनी आम्हाला विचारलं, “मग आता नाही म्हणायचं का नाही?”

नाही म्हणावं. पण नाही म्हणून उठून जाऊ नये. आपल्याकडे किती आहे, हप्ता किती, देणं किती, हे दहावीच्या पोराला समोर बसवून सांगावं. त्याला कळतं. पोर अचानक गप्प झालं, जेवण टाकलं, आवडतं सामान दुसऱ्याला देऊ लागलं, “मी नसलो तर बरं” असं काही बोललं, तर ते नाटक समजू नये. त्याला सरळ विचारावं, एकटं सोडू नये. टेलिमानस हा सरकारचा फुकट फोन आहे, १४४१६, दिवसरात्र चालतो आणि मराठीत बोलता येतं. संकटात सापडलेल्या लहान मुलांसाठी १०९८ आहे. हे दोन आकडे मोबाईलमध्ये नाही, भिंतीवर लिहून ठेवा.

पोरं घरी सांगत नाहीत असं आणखी एक दुखणं आहे, आणि ते आपलंच आहे. १४ एप्रिलचं स्टेटस ठेवलं की खाली जातीवरून घाण लिहिणारे निघतात. वर्गाच्या ग्रुपवर टोमणे येतात. मे २०१५ मध्ये शिर्डीत बाबासाहेबांच्या गाण्याची रिंगटोन वाजली, त्यावरून वाद झाला आणि आपल्या एका तरुणाचा खून झाला. आईबापांच्या मनात ती भीती आहे, म्हणून ते म्हणतात, “ठेवू नको स्टेटस.” पोराच्या मनात संताप आहे, म्हणून ते लपवून ठेवतं. मग शिवी वाचतं ते एकटंच, रात्री, पांघरुणात. अशा वेळी फोन हिसकावला तर पुढच्या वेळी ते बोलणारच नाही. शिव्यांचा स्क्रीनशॉट काढून ठेवावा, उत्तराला उत्तर देऊ नये, वस्तीतल्या जाणत्या माणसाला दाखवावा आणि गरज पडली तर पोलिसांत जावं. कायदा आहे. आणि त्याच फोनवर बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांचे खंड फुकट वाचता येतात, हेही पोराला दाखवावं. कितीतरी घरांत हे ठाऊकच नाही.

आता मागणीचं. वडगावला सात ते साडेआठ मुलं घरात बसतात, कारण घरात बसायला जागा आहे. आपल्याला ती जागा घराबाहेर शोधावी लागेल. बहुतेक वस्त्यांत समाजमंदिर आहे, विहार आहे. संध्याकाळच्या वंदनेनंतर तिथे सतरंज्या अंथरून दीड तास मुलांना बसवायला काय लागतं? दोन ट्यूबलाइट, पाण्याचा माठ, पाळीपाळीने बसणारी दोन मोठी माणसं. लागते ती किल्ली. समाजमंदिराची किल्ली एकाकडे, त्याच्याशी दुसऱ्याचं पटत नाही, आणि आत मांडवाचे खांब, जयंतीचे स्पीकर, कोणाची तरी सिमेंटची पोती. असं चित्र आम्ही एका ठिकाणी नाही, अनेक ठिकाणी पाहिलं आहे. अनुसूचित जाती व नवबौद्ध वस्त्यांच्या विकासाचा निधी दरवर्षी येतो. त्यातून नुसते सिमेंटचे रस्ते मागण्याऐवजी दिव्यांची आणि मुलांना बसायच्या जागेची मागणी ग्रामसभेत बायांनी लावून धरावी. वडगावचा निर्णयही महिलांच्या ग्रामसभेतून पुढे आला होता.

आता मुरुडच्या त्या लेकराकडे येतो. दोन वर्षांच्या आत मोबाईल-टीव्ही अजिबात नको, दोन ते पाच वर्षांना दिवसाचा फार तर एक तास, तोही मोठं माणूस शेजारी असताना, असं बालरोगतज्ज्ञ सांगतात. कारण बोलणं लेकरू माणसाच्या तोंडाकडे बघून शिकतं. ते हसलं की समोरचं हसतं, तसं कार्टून करत नाही. आणि बघत बघत खाणाऱ्या लेकराला पोट भरल्याचं कळत नाही, चवही कळत नाही. कोणी जास्त खातं, कोणी तोंडात घास धरून बसतं. दोन वर्षांचं होऊनही लेकरू दोन शब्द जोडून बोलत नसेल तर मात्र मोबाईलला नावं ठेवत थांबू नये, डॉक्टरांना दाखवावं. कानाचंही असू शकतं.

त्या मायला आम्ही दुसऱ्यांदा गेलो तेव्हा एवढंच सुचवलं. ताट लेकराच्या पुढ्यात ठेवायचं आणि त्याच्याच हाताने खाऊ द्यायचं. सांडेल, माखेल, तीन-चार दिवस रडेल. भाकरी थापताना पिठाचा एक गोळा त्याच्या हातात द्यायचा. आजीने तांब्याच्या जागी स्वतः बसायचं. माय हसली, “बघू,” म्हणाली. बूस्टर डोस त्या आठवड्यात झाला. पंधरा दिवसांनी विचारलं तेव्हा आजी म्हणाली, दुपारचा घास आता मोबाईलबिगर उतरतो. रात्रीचा अजून नाही. मायला कामावरून यायला सात वाजतात.